आशाताईंचे आल्बम आणि पुसली जाणारी नावं

आधी माझी क्रमवारी सांगते, म्हणजे ज्यांना वाद घालायचा आहे त्यांना पहिल्या ओळीपासून घालता येईल. आशा भोसले यांचा सर्वांत मोठा आल्बम ‘दिल पडोसी है’. त्यानंतर ‘मेराज-ए-गझल’, आणि त्याच्या अगदी लगत मराठीतला ‘ऋतु हिरवा’. क्रॉनोस क्वार्टेटबरोबरचा ‘यू हॅव स्टोलन माय हार्ट’ निम्मा थोर आहे आणि निम्मा नाही. ज्याची त्या काळात सगळीकडे चर्चा झाली तो ‘जानम समझा करो’ मात्र मी पहिल्या पाचांत धरत नाही.

या क्रमवारीत आशाताईंच्या गळ्याला गुण दिलेले नाहीत. गळा सगळीकडे त्यांचाच आहे. गुण दिले आहेत ते त्या गळ्याभोवती काय उभं केलं याला. किती जागा मोकळी सोडली, कोणतं वाद्य कुठे थांबवलं, आवाज माइकच्या किती जवळ ठेवला, तबलजीला गाणाऱ्या बाईशी बोलायची मुभा होती की नव्हती. आपल्याकडे रसिक चाल आणि शब्द यांवर तासन्‌तास बोलतात, गळ्यावर तर बोलतातच, पण ध्वनिमुद्रणाच्या या बाजूवर क्वचितच कुणी तोंड उघडतं. आणि म्हणूनच, ती बाजू ज्यांनी घडवली त्यांची नावं एकामागून एक पुसली जात असताना आपल्यापैकी कुणाला फारसं काही वाटलेलं दिसत नाही. मला वाटतं, आणि फार वाटतं. आल्बम हा एक अखंड ऐवज आहे, तो त्याच्या क्रमासह, त्याच्या मूळ मिक्सिंगसह, म्हणजे आवाज आणि वाद्यं एकमेकांत जशी बसवली त्या मांडणीसह, आणि तो घडवणाऱ्या सगळ्यांच्या नावांसह लोकांपर्यंत पोचला पाहिजे, एवढंच मला म्हणायचं आहे. आशाताईंचे आल्बम हा त्यासाठी माझ्या हाताशी असलेला सर्वांत भक्कम पुरावा.

मराठी कानाला आल्बमची सवय उशिरा लागली, हे मान्य करायला हवं. आपलं भावगीत वाढलं आकाशवाणीवर आणि तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीवर. ‘जिवलगा राहिले रे दूर घर माझे’, ‘ये रे घना’, ‘केव्हातरी पहाटे’, ‘चांदण्यात फिरताना’ ही हृदयनाथ मंगेशकरांची गाणी आशाताईंनी गायली तेव्हा प्रत्येक गाणं स्वतःपुरतं एक जग होतं. शांताबाई शेळके, आरती प्रभू, सुरेश भट हे तीन कवी तीन वेगळ्या प्रदेशांतले, आणि त्यांना जोडणारा धागा म्हणजे चालींमधला अवघडपणा व तो सहज वाटावा असा गळा. अशा गाण्यांना मागचंपुढचं गाणं लागत नाही. क्रमाने ऐकायची रचना म्हणजे काय, हे मराठी माणसाला शिकवलं ते १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्याआठवड्याने येणाऱ्या गीतरामायणाने. त्यातली ५६ गाणी कुणी उलटसुलट करून ऐकवली तर आपण आजही अस्वस्थ होऊ. ती अस्वस्थता इतर संगीताच्या वाट्याला यावी अशी माझी अपेक्षा आहे.

आल्बम गायकाकडून वेगळंच काही मागतो. चित्रपटातलं गाणं प्रसंगापुरतं असतं. पडद्यावर कोण ओठ हलवणार, ती नायिका आहे की नर्तकी, पाऊस आहे की मैफल, हे आधीच ठरलेलं. आशाताईंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चेहऱ्यांना आवाज दिला आणि त्या कामात त्यांच्या तोडीचं कुणी नाही. पण चाळीस-पन्नास मिनिटं सलग स्वतःच्या नावाने उभं राहायचं तर चेहरा कुणाचा लावायचा? इथे संगीतकार आणि रेकॉर्डिस्ट यांची खरी परीक्षा लागते. त्यांना आधी ठरवावं लागतं की या सगळ्या गाण्यांत मिळून ही बाई कोण आहे.

‘उमराव जान’ (१९८१) हा चित्रपट असूनही मला या वाटेवरचा पहिला टप्पा वाटतो. खय्याम यांनी आशाताईंना त्यांच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा खाली गायला लावलं, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ऐकायला लहानशी, पण हा पूर्णपणे निर्मितीचा निर्णय होता. पट्टी उतरली की आवाजातली चमक कमी होते आणि त्याजागी अस्तर दिसू लागतं. त्या एका निर्णयाने आशाताईंना पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि गझल हा त्यांचा प्रांत नाही असं म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

दोन वर्षांनी, १९८३ मध्ये, गुलाम अली यांच्याबरोबरचा ‘मेराज-ए-गझल’ आला. चाली गुलाम अलींच्या, म्हणजे पतियाळा घराण्याच्या तालमीत मुरलेल्या, शब्दाशब्दाला वळण घेणाऱ्या. ‘सलोना सा सजन है और मैं हूं’ आणि नासिर काज़मी यांच्या ‘दयार-ए-दिल की रात में’, ‘गए दिनों का सुराग़ लेकर’ या गझला ऐकताना मला नेहमी जाणवतं की इथे आशाताई विद्यार्थिनी होऊन बसल्या आहेत. पन्नाशीला आलेली, हजारो गाणी गायलेली गायिका दुसऱ्याच्या गळ्यातली हरकत आपल्या गळ्यावर बसवून पाहते आहे. आणि मांडणी पाहा किती साधी! पेटी, तबला, मोजकी तंतुवाद्यं, आवाज सर्वांत पुढे. दोन तबकड्यांचा ऐसपैसपणा असल्याने कुठल्या गझलेला घाई नाही. एका शेरानंतर दुसरा शेर यायच्या आधी ऐकणाऱ्याला पहिला पचवायला वेळ मिळतो. गझलेला हा वेळ द्यावाच लागतो, आणि तो देण्याचं धाडस निर्मात्यांनी दाखवलं.

त्यातला एकच दोष मला खुपतो, तो म्हणजे आवाजावरचा एको. ऐंशीच्या दशकातल्या गझलेच्या ध्वनिमुद्रणांना ही खोड जडली होती. गाणारा विहिरीच्या काठावर बसून गातो आहे असं वाटावं इतका घुमारा. ‘मेराज’मध्ये तो तुलनेने आटोक्यात आहे, पण आशाताईंसारखी गायिका, जिच्या ‘श’ आणि ‘स’ मध्ये निम्मं नाट्य असतं, तिच्या व्यंजनांवर असा ओलावा चढवणं मला पटत नाही.

आता ‘दिल पडोसी है’. ८ सप्टेंबर १९८७, आशाताईंचा वाढदिवस, त्या दिवशी हा दुहेरी आल्बम बाहेर आला. गीतकार गुलज़ार, संगीतकार पंचम म्हणजे राहुल देव बर्मन, आणि आशाताई. त्याच वर्षीच्या ‘इजाजत’मध्ये हेच तिघे होते आणि चित्रपटातली चारही गाणी एकट्या आशाताईंची होती. ‘मेरा कुछ सामान’ला गीतकार आणि गायिका असे दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, त्यामुळे लोकांच्या आठवणीत १९८७ साल ‘इजाजत’चं राहिलं. माझ्या मते ते वर्ष त्याहून अधिक ‘दिल पडोसी है’चं आहे.

पंचमकडे त्या काळात चित्रपटांचं काम ओसरलं होतं. ही दुःखाचीच गोष्ट, पण तिच्यातून एक मोकळीक आली. निर्माता नाही, दिग्दर्शक नाही, नायिकेचं वय नाही, थिएटरातला शेवटच्या रांगेतला प्रेक्षक नाही. गुलज़ार यांना जसे शब्द सुचले तसे त्यांनी लिहिले, आणि पंचमने त्या शब्दांना मुखडा-अंतऱ्याच्या ठरलेल्या चौकटीत कोंबलं नाही. ‘भीनी भीनी भोर’ शास्त्रीय वळणाने जातं, ‘रात क्रिसमस की थी’ पार दुसऱ्या खंडातून येतं, ‘सातों बार बोले बंसी’ या दोहोंच्या मधे कुठेतरी उभं राहतं, आणि तरीही सगळी गाणी एकाच घरातली वाटतात. ती एका घरातली का वाटतात याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझं उत्तर असं की सगळीकडे आवाज ऐकणाऱ्याच्या अगदी जवळ ठेवलेला आहे. श्वास ऐकू येतो. ओळीच्या शेवटी स्वर सोडताना गळ्यात जी किंचित घासणी होते तीही ऐकू येते. चित्रपटाच्या गाण्यात हे सहसा झाकलं जातं. इथे ते झाकलेलं नाही.

आणि वाद्यं बोलतात तेव्हा आवाज थांबतो, आवाज बोलतो तेव्हा वाद्यं बाजूला होतात. हे साधं वाटेल, पण गाण्यातले पीस, म्हणजे ओळींमधले वाद्यांचे तुकडे, लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, मोकळी जागा मोकळी ठेवण्याइतकं अवघड दुसरं काही नसतं. हात शिवशिवतात. पंचमच्या हाताखाली वर्षानुवर्षं मुरलेली माणसं होती म्हणून ते जमलं. वासुदेव चक्रवर्ती आणि मनोहारी सिंग यांनी त्याच्या कितीतरी गाण्यांची वाद्यरचना केली, मारुतीराव कीर यांनी तालाची बाजू सांभाळली, भानू गुप्ता यांची गिटार आणि केर्सी लॉर्ड यांची की-बोर्ड वाद्यं ही त्याच्या संगीताची ओळखच होऊन बसली. एका माणसाचं नाव पुढे, आणि मागे एक अख्खं गाव. ‘इजाजत’मधल्या ‘क़तरा क़तरा’मध्ये पंचमने आशाताईंचाच आवाज त्यांच्याच आवाजावर चढवला, एक ओळ दुसरीच्या शेवटावर येऊन बसते. हे काम गळा आणि टेपचं मशीन दोघांनी मिळून केलेलं आहे. मशीनपाशी बसलेल्या माणसाला वगळून त्या गाण्याचं श्रेय वाटताच येत नाही.

‘दिल पडोसी है’मधलं एक गाणं तर निर्मितीचा धडा म्हणून शिकवावं असं आहे. ‘शाम से आंख में नमी सी है’. गुलज़ार यांची ही गझल बहुतेकांना जगजीत सिंग यांच्या आवाजात माहीत आहे, १९९९ च्या ‘मरासिम’मुळे. तीच गझल बारा वर्षं आधी आशाताईंनी पंचमच्या चालीत गायली होती. दोन्ही लागोपाठ ऐकाव्यात. जगजीत सिंग यांची चाल समेवर येते तेव्हा आपण निश्चिंत होतो. आवाज खर्जाच्या बाजूला झुकलेला, लय एकसारखी, काहीही दचकवत नाही. दुःख आहे, पण त्याच्याबरोबर राहता येतं. पंचमची चाल तुम्हाला तसं बसू देत नाही, ती पहिल्या ऐकण्यात हाताला लागत नाही. मला स्वतःला पंचमची आवृत्ती अधिक खरी वाटते, कारण त्या गझलेतल्या माणसाला आपल्याला नक्की काय झालं आहे हेच कळलेलं नाही, आणि चालसुद्धा तेच चाचपडत राहते. पण जगजीत सिंग यांची आवृत्ती लाखोंनी का जवळ केली हेही मी समजू शकते.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात येते. जगजीत सिंग स्वतः संगीतकार होते, आपला आवाज कसा ऐकू यावा हे स्वतः ठरवत. म्हणून त्यांच्या आल्बमांची पातळी फारशी वरखाली होत नाही. आशाताईंनी ‘आप की आशा’मध्ये स्वतः चाली बांधल्या, पण तो अपवाद. एरवी त्यांचा प्रत्येक आल्बम म्हणजे त्यांनी दुसऱ्या कुणाच्या तरी हाती आपला गळा विश्वासाने सोपवणं होतं. सोपवलेल्या माणसाची कुवत जेवढी, तेवढा आल्बम मोठा. त्यांच्या कारकिर्दीकडे पाहण्याची मला हीच सर्वांत न्याय्य रीत वाटते, आणि ती वापरायची तर आल्बमवर कुणाकुणाचे हात लागले हे माहीत असावंच लागतं.

एक योगायोग फार थोड्यांच्या लक्षात येतो. १९८५ मध्ये हरिहरन यांच्याबरोबर आशाताईंनी ‘आबशार-ए-गझल’ केला. तेव्हा हरिहरन तिशीतले. पुढे त्यांनी लेस्ली लुइस यांच्याबरोबर ‘कलोनियल कझिन्स’ ही जोडी जमवली. आणि १९९७ मध्ये त्याच लेस्ली लुइस यांनी आशाताईंचा ‘जानम समझा करो’ केला. म्हणजे त्या जोडीतल्या दोघांनी बारा वर्षांच्या अंतराने एकाच गायिकेबरोबर काम केलं, आणि दोघांचं ऐकणं किती निराळं! ‘आबशार’मध्ये हरिहरन आशाताईंच्या शेजारी दबकून, पण कान टवकारून बसलेले ऐकू येतात. ‘लोग कहते हैं अजनबी तुम हो’ ऐकताना सोबत म्हणजे काय ते कळतं.

‘जानम समझा करो’ आला तो काळ वेगळा. उपग्रह वाहिन्या आल्या होत्या, १९९५ च्या अलिशा चिनॉय यांच्या ‘मेड इन इंडिया’नंतर खासगी पॉप आल्बमला बाजार मिळाला होता, आणि गाणं व्हिडिओसाठी जन्माला येऊ लागलं होतं. चौसष्टाव्या वर्षी त्या मैदानात उतरणं आणि विशी-पंचविशीतल्या मुलामुलींना नाचवणं, याचं मला मनापासून कौतुक आहे. शीर्षकगीत आजही लागलं की पाय हलतात. माझी तक्रार लयीबद्दल आहे. आशाताईंचं एक वैशिष्ट्य म्हणजे त्या ठेक्याच्या नेमक्या ठोक्यावर शब्द टाकत नाहीत, किंचित मागून येतात, कधी आधीच निसटतात, आणि तबलजी ते ओळखून त्यांच्याबरोबर झुकतो. संगणकावर बांधलेला ठेका झुकत नाही. तो चुकत नाही हे खरं, पण ऐकतही नाही. मग गाणाऱ्यालाच त्याच्या मापात बसावं लागतं. त्या आल्बमात आशाताई प्रत्येक ठोक्यावर अचूक आहेत, आणि नेमकं त्यामुळेच त्या मला थोड्या कमी आशाताई वाटतात. शिवाय एक-दोन गाण्यांभोवती बाकीचं जमवल्यासारखं आहे. पूर्ण ऐकून संपवला तरी एकच गाणं मनात उरतं.

मग ‘लेगसी’. सरोदवादक अली अकबर खां यांनी कॅलिफोर्नियात आशाताईंना आपल्या परंपरेतल्या सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या बंदिशी शिकवल्या आणि त्यातून हा आल्बम झाला. तबल्यावर स्वपन चौधुरी. ग्रॅमीचं नामांकन मिळालं. मला तो आदराने ऐकावासा वाटतो, पुन्हा पुन्हा ऐकावासा नाही. आशाताई तिथे इतक्या सांभाळून, गुरूपुढे बसल्यासारख्या गातात की त्यांची खोडी हरवते.

‘यू हॅव स्टोलन माय हार्ट’ (२००५) बद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण त्यावर आपल्याकडे फार घाईने निकाल दिला गेला. सॅन फ्रान्सिस्कोची क्रॉनोस क्वार्टेट ही चार तंतुवाद्यांची मंडळी. त्यांच्या डेव्हिड हॅरिंग्टन यांना पंचमच्या वाद्यरचनेने झपाटलेलं. त्यांनी आपलीच वाद्यं थरावर थर चढवून मुद्रित केली, झाकीर हुसेन यांचा ताल आणि वू मान यांचं पिपा हे चिनी वाद्य जोडलं, आणि सत्तरी ओलांडलेल्या आशाताईंना पंचमची जुनी गाणी नव्याने गायला बोलावलं. आपल्याकडच्या जुन्याजाणत्यांनी लगेच तुलना केली, की आवाज पूर्वीसारखा नाही. नसणारच! ‘दम मारो दम’ आणि ‘पिया तू अब तो आजा’ दोन्ही १९७१ ची. त्या गाण्यांचा जीव त्या वयातल्या बेफिकिरीत आहे, ती पुन्हा गाऊन घेण्यात काही हशील नव्हता, आणि तिथे तंतुवाद्यांची गर्दीही फार होते. हा झाला न जमलेला निम्मा.

उरलेल्या निम्म्यात ‘मेरा कुछ सामान’ आहे. १९८७ मधला आवाज आपलं सामान परत मागतो तेव्हा ते मिळेल अशी एक बारीकशी आशा त्यात असते. २००५ मधला आवाज मागतो तेव्हा त्याला ठाऊक असतं की आता कुणी काही परत पाठवणार नाही, आणि तरी यादी पूर्ण वाचून दाखवायची आहे. थकलेला, कडेला विरलेला तो स्वर त्या शब्दांना जास्त शोभतो असं मी म्हटलं तर पंचमच्या चाहत्यांना राग येईल; मीही त्याच गोटातली आहे आणि तरीही म्हणते. शिवाय त्या मंडळींनी ‘रिश्ते बनते हैं’ निवडलं. ‘दिल पडोसी है’मधलं, चित्रपटाचा आधार नसलेलं, आपल्याकडे जवळजवळ विसरलं गेलेलं गाणं. दूरदेशीच्या चार वादकांना ते सापडतं, कारण ते आल्बम आल्बम म्हणून ऐकतात, पाठीमागचा कागद वाचतात.

मराठीत असा एकच आल्बम मी या पंक्तीत बसवते. श्रीधर फडके यांचा ‘ऋतु हिरवा’. ‘जय शारदे वागीश्वरी’, ‘ऋतु हिरवा’, ‘फुलले रे क्षण माझे’, ‘माझिया मना’. साठीच्या आसपासच्या आशाताईंचा गळा नेमका कुठे फुलतो आणि कुठे त्याला विश्रांती द्यायची हे ओळखून या चाली बांधलेल्या आहेत. शांताबाईंचे शब्द त्यांच्या तोंडात जसे बसतात तसे क्वचित कुणाचे बसले असतील. नव्वदच्या दशकाचा की-बोर्डचा थर काही ठिकाणी आहे आणि तो आज जुनाट वाटतो. त्या काळातल्या बहुतेक मराठी कॅसेटींचं हेच झालं, खऱ्या व्हायोलिनच्या ताफ्याचा खर्च परवडत नव्हता. पण चालीच इतक्या भरीव आहेत की तो थर गाण्याला बुडवू शकत नाही. ही कॅसेट घराघरांत वाजली. आज ती गाणी डझनभर वेगवेगळ्या संकलनांत विखुरलेली सापडतात, कुठे भक्तिगीत म्हणून, कुठे पावसाची गाणी म्हणून.

आणि इथेच माझ्या रागाचं कारण आहे. आज मोबाइलवर ही गाणी शोधा. संगीतकाराचं नाव गायकाच्या रकान्यात सापडेल, गीतकाराचं नाव बऱ्याचदा नसेल, १९८३ च्या गझलेपुढे कुणीतरी ती चढवली त्या वर्षाचा आकडा असेल. वाद्यरचना, सारंगी, तबला, रेकॉर्डिस्ट यांचा प्रश्नच नाही. काही जुनी ध्वनिमुद्रणं ‘स्वच्छ’ करून पुन्हा आणली आहेत, त्यात खरखरीबरोबर श्वासही गेला आहे आणि हळू व मोठा आवाज यांतला फरक सपाट झाला आहे.

हा अन्याय नवा नाही हे मला ठाऊक आहे. ओ. पी. नय्यर यांच्या ज्या गाण्यांनी आशाताईंना आशाताई केलं, त्यांच्या वाद्यरचनेमागे गोव्याचे सेबास्टियन डिसूझा होते. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये गोव्याच्या वादकांनी आणि वाद्यरचनाकारांनी उभ्या केलेल्या त्या संगीतात त्यांची नावं तबकडीवर छापायची रीतच नव्हती. आल्बमने ही रीत थोडी सुधारली होती. एलपीच्या मागच्या बाजूला आणि कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावर निदान काही नावं येऊ लागली होती. आता तो कागदच राहिला नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहण्यासारखं आहे. कॉपीराइट कायद्याच्या ५२-अ कलमानुसार ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर ते करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष देणं बंधनकारक आहे. हा नियम तबकडी आणि कॅसेट डोळ्यांपुढे ठेवून केलेला. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं ३८-ब कलम याच्या पुढे जातं: सादरकर्त्याला आपल्या सादरीकरणासाठी आपली ओळख सांगितली जावी असा हक्क आहे, फक्त वापराच्या स्वरूपामुळेच नाव देणं शक्य नसेल तेवढा अपवाद. सारंगी वाजवणारा सादरकर्ता नाही का? आणि मोबाइलच्या पडद्यावर जाहिरातीला जागा आहे, तर चार नावांना जागा नाही हे कुणी पटवून द्यावं? जुन्या ध्वनिमुद्रणांना हे कलम कितपत लागू होतं यावर वकील वाद घालतील, घालू देत. जे कायद्याने करावं लागत नाही ते जनाची लाज म्हणून करता येतंच की.

यावर मला दोन उत्तरं मिळतात. एक, लोकांना गाणी हवी असतात, आल्बम नको. मला हे पटत नाही. लोकांना जे समोर ठेवलं जातं ते ते ऐकतात. ‘दिल पडोसी है’ चौदा गाण्यांच्या मूळ क्रमाने, पहिल्या मिक्सिंगमध्ये, नीट माहितीसह समोर ठेवून पाहिल्याशिवाय असा निष्कर्ष काढायचा अधिकार कुणाला नाही. दुसरं उत्तर, रिमिक्समुळे नव्या पिढीला जुनी गाणी कळतात. काही प्रमाणात खरं आहे. पण रिमिक्स ऐकून मूळ शोधायला निघालेल्या मुलीला मूळ सापडलं पाहिजे, नाही तर ओळख करून देण्याचा दावा पोकळ ठरतो.

प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे साठ वर्षांचा. म्हणजे ‘मेराज-ए-गझल’ २०४३ च्या अखेरपर्यंत आणि ‘दिल पडोसी है’ २०४७ च्या अखेरपर्यंत हक्कधारक कंपन्यांच्याच हातात. तोवर त्या ध्वनिमुद्रणांच्या वेळी स्टुडिओत हजर असलेलं कुणी उरेल असं धरून चालता येणार नाही, आणि कंपन्यांच्या जुन्या वह्यांत नावं नसतील तर ती त्या हजर असलेल्यांच्या आठवणीतच असतील. म्हणून माझी मागणी हक्कधारकांकडे आहे तशीच ती विद्यापीठांच्या संगीत विभागांकडे आणि आकाशवाणीच्या संग्रहाकडेही आहे: जे वादक आणि रेकॉर्डिस्ट आज आहेत त्यांना भेटा, गाणं वाजवून दाखवा, कोण काय वाजवतंय ते लिहून घ्या. आणि ज्यांच्या माळ्यावर अजून एलपी किंवा कॅसेटी आहेत त्यांनी त्या रद्दीत देण्याआधी मागची बाजू आणि आतला घडीचा कागद, दोन्हींचे स्पष्ट फोटो काढून ठेवावेत. मी माझ्याकडच्या सगळ्यांचे काढायला घेतले आहेत.